आधी तोंडी परीक्षा सुधारा, मग गुण वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी संभाषणाला परीक्षेत निम्मे गुण द्यावेत, अशी मागणी करणारं एका पालकांचं पत्र आपल्या अंकात वाचलं. इतकी वर्षं इंग्रजी शिकूनही मुलीला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, ही त्यांची तक्रार खरी आहे. पालकसभांमध्ये ती मी वर्षानुवर्षं ऐकली. उपाय मात्र मला पटला नाही. मी पहिलीपासून बारावीपर्यंतच्या वर्गांना इंग्रजी शिकवलं आहे आणि इतर शाळांत तोंडी परीक्षाही घेतल्या आहेत. त्या परीक्षेत सध्या जे तपासलं जातं, त्याला निम्मे गुण दिले तर मुलं निम्म्या गुणांचं पाठांतर करतील, एवढंच होईल.

ज्यांनी ही परीक्षा आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलं एकेक करून आत येतात, हात मागे बांधून उभी राहतात आणि ‘माय बेस्ट फ्रेंड’वर दहा ओळी म्हणतात. एका वर्गात तर बहुतेक सगळ्यांचा बेस्ट फ्रेंड ‘पंक्च्युअल’ निघाला! अशाच एका परीक्षेत घडाघडा बोलणाऱ्या मुलाला मी मध्येच विचारलं, ‘तुमचं शेवटचं भांडण कशावरून झालं?’ तो गप्प झाला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाला. त्याच्यानंतरची मुलगी पाठ केलेलं विसरली होती, म्हणून आधीच रडवेली. तिलाही तोच प्रश्न केला. ती म्हणाली, ‘शी टेक माय कंपास. नॉट गिव्ह. टू डेज आय नॉट टॉक. देन शी से सॉरी, आय आल्सो से सॉरी.’ व्याकरण पार मोडलेलं, पण घडलं काय ते मला नीट कळलं. गुणतक्त्यात रकाने होते उच्चार, शुद्धता, आत्मविश्वास आणि सादरीकरण. समोरच्या माणसाला उत्तर दिलं की नाही, यासाठी रकानाच नव्हता.

युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषाकौशल्याची जी सामाईक चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात बोलण्याचे दोन वेगळे भाग केलेले आहेत. एक, सलग बोलणं. दुसरा, समोरच्याशी देवाणघेवाण. ए१ ते सी२ या तिच्या सहा पायऱ्या ‘काय करता येतं’ या भाषेत लिहिलेल्या आहेत, ‘काय चुकतं’ या भाषेत नव्हे. शाळांच्या तोंडी परीक्षेत यातला दुसरा भाग जवळजवळ गळूनच गेला आहे. बोलणं मात्र बहुतेक वेळा दुसरा माणूस समोर असताना घडतं!

शिवाय पहिलीतल्या मुलाला आणि दहावीतल्या मुलाला एकच तक्ता लावणं हा अन्यायच. लहान मुलं आधी ऐकतात, समजून घेतात आणि बऱ्याच उशिरा बोलतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांची हुकूम ऐकून कृती करण्याची पद्धत यावरच उभी आहे. ‘दार उघड’ असं इंग्रजीत म्हटल्यावर मूल उठून दार उघडतं, तेव्हा त्याने उत्तर दिलेलं असतं. केंब्रिजच्या ‘स्टार्टर्स’ या बालपरीक्षेत तोंडी भाग ३ ते ५ मिनिटांचा असतो आणि त्याची सुरुवात चित्रातल्या वस्तूंवर बोट ठेवण्यापासून होते. निकालात पास-नापास नसतं, प्रमाणपत्रावर ढालींची चित्रं मिळतात. पहिली-दुसरीला माझ्या मते गुण नकोतच. शिक्षिकेच्या वहीत दोन ओळींची नोंद पुरे.

बोलण्याची खरी गळती होते ती चौथी ते सातवीच्या काळात. मुलांना बोलावंसं वाटत असतं, पण वर्गात बोलत असतो आपण शिक्षकच. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या तासांवर मोजणी केली होती. १९७४ मधल्या तिच्या लेखाचा आजही दाखला दिला जातो. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत. तोच थांबा ३ सेकंदांवर नेला की उत्तरं लांबत आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागत. ही गोष्ट घरच्या भाषेत शिकणाऱ्यांची. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्याला किती वेळ लागत असेल? हे वाचल्यावर मी मनातल्या मनात आकडे मोजायला लागले. ती शांतता शिक्षकाला फार जड जाते.

चुका दुरुस्त करण्याचंही तसंच. लिस्टर आणि रांटा या भाषाशिक्षणाच्या संशोधकांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. मुलाचं चुकलेलं वाक्य शिक्षकाने स्वतःच बरोबर करून म्हणणं, हा निम्म्याहून जास्त वेळा वापरला गेलेला उपाय होता आणि मुलांकडून सर्वांत कमी दुरुस्ती त्यालाच मिळाली. ‘काय म्हणालास? पुन्हा सांग’ असं विचारलं की मूल स्वतःची चूक स्वतः शोधतं. माझा अनुभव अगदी हाच आहे.

वरच्या वर्गांसाठी मला सर्वांत उपयोगी पडलेला प्रकार म्हणजे ४-३-२. तीच गोष्ट एका मित्राला ४ मिनिटांत, दुसऱ्याला ३ आणि तिसऱ्याला २ मिनिटांत सांगायची. ऐकणारा दर वेळी नवा, त्यामुळे सांगणं खोटं वाटत नाही. तिसऱ्या वेळेपर्यंत अडखळणं निम्म्यावर आलेलं कानांना कळतं. खर्च शून्य. गोंगाट मात्र भरपूर, शेजारच्या वर्गाला आधीच सांगून ठेवावं.

उच्चारांबद्दल पालकांचा आग्रह वेगळाच असतो, पोरगं ‘साहेबासारखं’ बोललं पाहिजे. जेनिफर जेन्किन्स या ब्रिटिश भाषातज्ज्ञांनी २००० मध्ये मांडलं की वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं इंग्रजीत बोलतात तेव्हा ‘थिंक’मधला ‘थ’ इंग्रजी वळणाचा नसला तरी सहसा काही अडत नाही. ऱ्हस्व-दीर्घ स्वर आणि वाक्यातला जोर चुकला तर अडतं. तेवढं शिकवावं, बाकी लकब ज्याची त्याला राहू द्यावी.

आता गुणांकडे येते. परदेशी शिकायला जाणारे देतात त्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा तोंडी भाग ११ ते १४ मिनिटं चालतो. ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार हे चार निकष समान वजनाचे असतात आणि सगळं ध्वनिमुद्रित होतं. ६० मुलांच्या वर्गाला ११ मिनिटांच्या हिशेबाने ११ तास लागतील. कुठल्याच शाळेला हे जमणार नाही, म्हणून मग मुलामागे दीड मिनिट आणि पाठ केलेल्या दहा ओळी. केंब्रिजच्या शालेय परीक्षांत मुलं जोडीने बसतात. एक परीक्षक बोलतो, दुसरा नुसता ऐकून गुण देतो. शाळेत ८ मिनिटांची एक जोडी धरली तर ३० जोड्यांना ४ तास. रोज तीन जोड्या, बाकीचा वर्ग गटकामात. दहा तासिकांत काम उरकतं. विषय आयत्या वेळी चित्र दाखवून द्यायचा आणि एक प्रश्न जोडीदाराने विचारायचा, म्हणजे पाठांतराची वाटच बंद.

तरीही निम्मे गुण मी देणार नाही. इंग्लंडमध्ये जीसीएसई या शालान्त परीक्षेच्या इंग्रजीत बोलणं-ऐकणं याला २० टक्के गुण होते. शाळाशाळांतलं मोजमाप एकसारखं राखता येत नाही म्हणून २०१४ पासून ते अंतिम श्रेणीतून काढलं गेलं, आता वेगळा शेरा मिळतो. जिथे इंग्रजी ही मुलांची पहिली भाषा आहे तिथली ही गत. वेगळ्या शेऱ्याचाही तोटा आहेच. जे श्रेणीत धरलं जात नाही त्याकडे वर्गात कुणी लक्ष देत नाही. म्हणून गुण असावेत, पण तूर्त आहेत तेवढेच, आणि ते देणाऱ्यांचे कान आधी जुळवावेत. चार-पाच मुलांची ध्वनिमुद्रणं शाळेतल्या सगळ्या इंग्रजी शिक्षकांनी स्वतंत्रपणे तपासायची, मग तक्ते शेजारी ठेवून भांडायचं. एकाच मुलीला एकाने ४ आणि दुसऱ्याने ९ दिलेले मी पाहिले आहेत, दोघेही प्रामाणिक.

या बैठकीत आणखी एक गोष्ट घडते, जिच्याबद्दल आम्ही शिक्षक फारसं बोलत नाही. आमच्यातल्या अनेकांना इंग्रजीत बोलायची स्वतःलाच धास्ती असते, आणि मुलांच्या चुकांवर चर्चा करता करता ती जरा सैल होते. महिन्यातून एक तास पुरतो. मुख्याध्यापकांनी तो वेळापत्रकात छापून द्यावा. नुसतं ‘सवडीने करा’ म्हटलं की तो शनिवारी शाळा सुटल्यानंतर ढकलला जातो आणि मग कुणीच थांबत नाही.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका