कॉम्प्युटर लॅबचं कुलूप काढा

मा. संपादक, स.न.वि.वि.

माझी मुलगी सातवीत आहे. शाळेचं नाव देत नाही. लॅबमध्ये दहा कॉम्प्युटर आहेत, सगळ्यांवर प्लास्टिकची कव्हरं, दाराला कुलूप, आणि आठवड्याला एक तास मिळतो त्यात पण पोरं वहीत लिहून घेतात, रॅम म्हणजे काय, प्रिंटरचे प्रकार किती. परीक्षेत तिला २० पैकी १९ पडले, पण घरी माऊस हातात दिला की म्हणायची, पप्पा काही बिघडलं तर?

मे महिन्यात जुन्या लॅपटॉपवर मी स्क्रॅच नावाचं गेम बनवायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००७ मध्ये मुलांसाठी काढलेलं आहे, फुकट आहे, आणि एकदा पेनड्राइव्हवरून टाकलं की नेट पण लागत नाही, कॉम्प्युटरने काय करायचं ते सांगणारे रंगीत ठोकळे स्क्रीनवर एकाला एक जोडत जायचं. तिने मांजर आंबे पकडते असा गेम केला. आंब्याला टेकलं की एक मार्क, पण एकदा टेकलं की मार्क धडाधड पन्नासच्या वर! दोन दिवस ती त्याच्यामागे होती, मला पण कळेना, आणि मग तिलाच सुचलं की मांजर आंब्याला चिकटलेलं असतं तोवर कॉम्प्युटर सारखं तपासतोय, टेकलं का, टेकलं का, आणि दरवेळी एक मार्क देतोय. मग टेकल्या टेकल्या आंबा दुसरीकडे पाठवायचा ठोकळा लावला आणि गेम सुरळीत झाला. आता काही अडलं की म्हणते, थांबा, बघते मी. धाकट्या भावासाठी पाढ्यांचा गेम पण चाललाय.

परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड लावले, २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा केवढा अभिमान वाटला होता. पण आमच्याकडे डिजिटल शाळा म्हणजे टीव्हीवर व्हिडिओ लावायचा आणि पोरांनी हाताची घडी घालून बघायचं. अहो, त्याच वर्षीच्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला कोडिंग, म्हणजे कॉम्प्युटरला असंच काम सांगणं, आणायचं लिहिलंय, ते हात न लावता कसं येणार?

शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास लॅब उघडी ठेवा, एका कॉम्प्युटरवर दोघं बसवा, आणि मार्क द्यायचेच तर पोरांनी काय बनवलं त्याला द्या. सरांना सगळं आलंच पाहिजे असं काही नाही, मला तरी कुठे येत होतं? पेनड्राइव्ह घेऊन मी स्वतः येऊन बसतो असं पत्र शाळेला जूनमध्येच दिलंय, उत्तराची वाट बघतोय.

– एक पालक, कराड