बदनाम पत्ता

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या भावाचा मुलगा अमेरिकेत आर्कान्सा राज्यात असतो, बेंटनव्हिलला. वॉलमार्टच्या हेड ऑफिसचं गाव ते, आपल्याकडची आयटीतली पोरं तिथं बरीच आहेत. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर सांगत होता, आत्या, सुट्टी होती म्हणून मित्रमित्र बफेलो नदीवर गेलतो, वाटेत हॅरिसन नावाचं गाव लागतं, तिथं पेट्रोल भरायला थांबणार तर मित्र म्हणाला इथं नको, पुढं भरू. का रे, तर ते गाव बदनाम आहे म्हणे, काळ्या-सावळ्या माणसानं तिथं थांबू नये. मग थांबलात का, विचारलं, तर थांबलो म्हणाला, दुकानातली म्हातारी चांगलं हसून बोलली, पण आत्या, मी सगळा वेळ दाराकडंच बघत होतो.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून त्या गावाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. वस्ती १३ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. १९०० च्या सुमाराला तिथं शंभरावर काळी माणसं राहत होती, कामधंदा करत होती. १९०५ मध्ये जमावानं त्यांच्या वस्तीवर हल्ला केला, घरं जाळली, लोकांना मारून हाकललं. १९०९ मध्ये पुन्हा तेच झालं आणि त्यानंतर जवळपास कोणीच उरलं नाही, एक म्हातारी बाई तेवढी राहिली. पुढं कित्येक वर्षं त्या भागात काळ्या माणसानं दिवस मावळायच्या आत निघून जायचं असं चाललं. नंतर कू क्लक्स क्लॅन, म्हणजे गोरेच श्रेष्ठ मानणारी तिथली संघटना, तिच्या एका गटाचा म्होरक्या जवळच्याच झिंक नावाच्या वाडीत येऊन बसला, पण त्याच्या संघटनेचा पोस्टाचा पत्ता हॅरिसनचा, त्यामुळं पेपरात टीव्हीवर नाव यायचं ते हॅरिसनचंच. २०१३ मध्ये रस्त्याकडेला मोठा पिवळा बोर्ड लागला, त्यावर लिहिलेलं की वंशभेदाला विरोध करणारा म्हणजे गोऱ्यांचा विरोधक.

पण त्याच गावात २००३ पासून काही लोकांनी मिळून एक समिती चालवलीय, गावाचा इतिहास लपवायचा नाही, उघड सांगायचा, मार्टिन ल्यूथर किंगच्या नावानं तरुण मुलांचे मेळावे घ्यायचे. गावातले बाकीचे लोक त्यांच्यावर चिडतात म्हणे, की जुनं उकरून गावाची अजून बदनामी कशाला करता, तो क्लॅनवाला तर आमच्या गावचा पण नाही, नुसत्या पत्त्यानं आम्हाला डाग लागला. मला त्यांचं दुःख कळतं. रोज इमानानं काम करणाऱ्या माणसाला कोणी वंशवादी म्हटलं तर लागणारच. पण पत्त्यानं लागलेला डाग म्हणजे काय हे सोलापूरकरांनी तरी नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण आपल्याकडं सेटलमेंट आहे.

नवीन पिढीला नुसतं एरियाचं नाव वाटतं, रिक्षावाल्याला सांगतो आपण, सेटलमेंटला सोड. ते नाव कुठून आलं? इंग्रजांनी १८७१ ला कायदा केला, अख्ख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, आणि पुढं पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा लोकांना इथं तारेच्या कुंपणात आणून ठेवलं. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर परवानगी काढायची, मिलमध्ये राबायचं आणि परत कुंपणात. पाळण्यातलं लेकरू सुद्धा कायद्यानं गुन्हेगार! ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून तो कायदा गेला, लोक विमुक्त झाले. हॅरिसनच्या बदनामीमागं खरोखर जाळलेली घरं आहेत. सेटलमेंटच्या लेकरांनी काय केलं होतं? तरी पत्ता सांगितला की आजही समोरच्याचा चेहरा बदलतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगमध्ये खालचा वन आरके भाड्यानं द्यायचा होता. एक मुलगा आला, वीस-एकवीसचा असेल, एका शोरूममध्ये कामाला, शर्ट इन केलेला, दारातच बूट काढून हातात धरून उभा, कुठं ठेवू विचारत होता. मालकीणबाईंनी आधी आडनाव विचारलं, मग आधार कार्ड मागितलं, पत्ता वाचला आणि म्हणाल्या, कालच दिली की ओ खोली, बोर्ड काढायचा राहिला बघा. तो म्हणाला, होय का मावशी, बरं. बूट घातले, लेस बांधायला खाली वाकला तो बराच वेळ वर बघितलाच नाही. मी जिन्यात दुधाची पिशवी घेऊन उभी होते. खोली दिली नव्हती हे मला माहीत होतं. मी काही बोलले नाही. तो बोर्ड त्यानंतर दोन महिने तसाच लटकत होता आणि मी रोज त्याच्या खालून जात होते.

आपण सोलापूरकर अभिमानानं सांगतो की आमचं गाव सगळ्यांचं, मराठी कन्नड तेलुगू उर्दू एका गल्लीत ऐकू येतं. चार हुतात्मे बघा, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात एकाच दिवशी फासावर गेले. हे सगळं खरं आहे आणि मलाही त्याचा अभिमान आहे. पण हॅरिसनची ती दुकानातली म्हातारी पण चांगलीच होती ना, माझा भाचा दाराकडं बघत होता तो तिच्यामुळं नाही. गाव कसं आहे हे आतल्याला विचारून कळत नाही, दारात बूट हातात धरून उभा असलेल्याला विचारावं लागतं. आणि आपण त्याला विचारत नाही, आपण एकमेकांनाच विचारतो आणि एकमेकांनाच सांगतो की आपल्याकडं असलं काही नाही.

हॅरिसनच्या त्या समितीचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. शिव्या खाऊन पण ती माणसं आपल्याच घरातलं वाईट उघड बोलतायत.

संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती. तुमच्या छोट्या जाहिरातींत घर भाड्याने देणे म्हणून जे येतं त्यात अमुक समाजाला प्राधान्य, तमुक लोकांनी फोन करू नये असं कोणी लिहून आणलं तर घेऊ नका, पैसे परत करा. आणि ३१ ऑगस्टला एक पान सेटलमेंटमधल्या लोकांना द्या, त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत, हजेरीचे दिवस बघितलेली म्हातारी माणसं आता फार थोडी उरली असतील.

आमच्या वरच्या मजल्यावरची माझी स्वतःची खोली या महिन्यात रिकामी होतेय. तो मुलगा हे वाचत असेल तर त्यानं यावं, नाहीतर त्याच्या ओळखीतलं कोणी यावं. आधार कार्ड लागेल ते फक्त पोलीस व्हेरिफिकेशनच्या फॉर्मला, तो फॉर्म मी सगळ्यांचाच भरते.

आपली,
एक वाचक, जुळे सोलापूर