भांडणातली वीस मिनिटे

महोदय,

जोडप्यांमधल्या विश्वासाची चर्चा बहुतेक वेळा निष्ठेपाशीच थांबते. रोजच्या संयमाचा विचार क्वचितच होतो. रिगेटी आणि फिंकेनाउअर या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवून दिले, की समोरच्याचा स्वतःवर ताबा आहे असे जाणवले तर त्याच्यावर विश्वास ठेवणे सोपे जाते.

भांडणात नाडीचे ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले, की ऐकून घेण्याची क्षमताच घटते, असे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात. अशा वेळी निदान 20 मिनिटे थांबावे. मात्र न बोलता उठून जाऊ नये. जोडीदाराला ते पाठ फिरवल्यासारखे वाटते. ‘अर्ध्या तासाने बोलू’ असे सांगावे आणि ठरल्या वेळी खरोखर परत यावे. ही वेळ पाळणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अनेकांचे चुकते ते मधल्या वेळात. मनातल्या मनात टोमणे जुळवत बसले, तर ठोके उतरतच नाहीत. फेरी मारावी, काही वाचावे.

जोडीदाराचा मोबाइल तपासण्याचा मोह होतो, तेव्हाही आधी ठरवलेले वाक्य कामी येते: ‘शंका आली, तर फोन न उघडता थेट विचारीन.’ अर्थात, मारहाण किंवा धमकी होत असेल तिथे हे उपाय लागू नाहीत. तिथे आधी सुरक्षित जागी जावे.

– एक वाचक