सूचना: हँडीवरून (हातात धरायच्या वायरलेस संचावरून) बँडबाहेर प्रसारण होऊ नये म्हणून

सर्व परवानाधारक हौशी रेडिओ (हॅम) सभासदांच्या लक्षात आणून देण्यात येते की, बाजारात सहज मिळणारे पुष्कळसे हँडी १३६ ते १७४ मेगाहर्ट्झमध्ये कुठेही प्रसारण करू शकतात, मात्र दोन मीटर बँड (वारंवारतेचा पट्टा) आपल्यासाठी १४४ ते १४६ एवढाच आहे. खरी फसगत रिपीटर शिफ्टमध्ये, म्हणजे रिपीटर (संदेश पुढे पाठवणारे केंद्र) वापरताना ऐकण्याच्या आणि प्रसारणाच्या वारंवारतेत ठेवलेल्या फरकामध्ये होते: उणे ६०० किलोहर्ट्झची शिफ्ट चालू राहिली असताना १४४.३०० वर पीटीटी (बोलण्यासाठीचे बटण) दाबले, तर प्रसारण १४३.७०० वर जाते, आणि त्या क्षणी पडद्यावर बदललेला आकडा सहसा कुणी पाहत नाही. केवळ ऐकण्याच्या चॅनेलांवर प्रोग्रॅमिंग करतानाच प्रसारण बंद करावे. सीताबर्डीच्या गर्दीत हँडी कमरेला असेल, तर कीपॅड लॉक ठेवावा. रविवारी सेमिनरी हिल्सवर येताना हँडीसोबत प्रोग्रॅमिंग केबलही आणावी.