आधी उदबत्तीच्या काड्यांची गाडी कर

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

मारुती ८०० चे भाग काढून तुला घरी बनवायच्या असलेल्या ऑटोक्रॉसच्या गाडीचं (ऑटोक्रॉस म्हणजे मैदानात आखलेल्या वाटेवर घड्याळ लावून होणारी शर्यत) चित्र बघितलं. मागचा पंख खोडून टाक. ऑटोक्रॉसच्या वळणावळणाच्या मैदानात जो वेग मिळतो त्यात अशा कमी ताकदीच्या गाडीला पंखाचा फायदा थोडाच, वजन मात्र वाढतं आणि तेही नेमकं उंचावर. बाकी मारुती ८०० ची निवड योग्य आहे. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी एका सीटची 'फॉर्म्युला मारुती' याच इंजिनाभोवती उभी केली होती आणि भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन याची पहिली शर्यतही त्याच प्रकारच्या गाडीतली.

इंजिन मात्र उघडायचं नाही, हे आधीच सांगतो. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ३७ हॉर्सपॉवर. मूळ गाडी साधारण ६५० किलोची. तुझी ४४० किलोत बसली तर टनामागे ८४ हॉर्सपॉवर पडतात. एवढंच बळ मूळ गाडीत आणायचं तर ५५ हॉर्सपॉवरचं इंजिन लागलं असतं. म्हणजे वजन उतरवलंस की फुकटात मिळतं ते कॅम घासून आणि हेड कापून मिळवायला जाऊ नकोस. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि ऑइल सील नवीन टाक, इतकंच. कार्ब्युरेटरचं मॉडेल घे. इंजेक्शनवालीच्या वायरिंगमध्ये तुझे चार रविवार सहज जातील.

गाडी चालू असलेली आणि कागदपत्रांसकट घे. भंगारातलं सुटं इंजिन स्वस्त पडतं, पण त्याच्यासोबत येणाऱ्या गिअरबॉक्सचा तिसरा गिअर सुटतो की नाही हे चालवल्याशिवाय कळत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, तपास. तीन सिलिंडरांत एक किलोपेक्षा जास्त फरक दिसला तर दुसरी गाडी बघ. गाडी मोडल्यावर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसी जमा करावी लागते, ते विसरू नकोस. आणि तयार झालेली गाडी रस्त्यावर आणायची नाही. मैदानापर्यंत टेम्पोतूनच न्यायची.

आता महत्त्वाचं. इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट (चाक फिरवणारे दांडे), नकल (चाकाचा हब धरून वळणारा भाग), स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरचा खांब) हा पुढचा अख्खा संच उचलून ड्रायव्हरच्या मागे बसवायचा. जसा आहे तसाच, तोंड न फिरवता. जागा नीट मिळते म्हणून काही जण तो उलटा बसवतात आणि मग गाडीला चार रिव्हर्स आणि एक पुढचा गिअर मिळतो. ट्रॅकही, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, मूळचाच ठेव. डावा आणि उजवा शाफ्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, ते कापून जोडण्याच्या फंदात पडू नकोस.

त्यासाठी ग्राइंडर लावायच्या आधी मापं घे. चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मचे बोल्ट, स्ट्रटची वरची टोकं, इंजिनाची माउंटिंग आणि स्टिअरिंग रॅकची दोन्ही टोकं, या सगळ्यांची जमिनीपासून, मध्यरेषेपासून आणि एकमेकांपासूनची अंतरं. शक्य असेल तर अँगलची जिग, म्हणजे बिंदू जागच्या जागी धरणारा साचा, करून त्या बिंदूंवर बोल्टने आवळ आणि मगच बॉडी काप. एकदा कापलं की ती मापं परत मिळत नाहीत.

रॅकची टोकं यात का धरली ते सांगतो. मागे गेलेल्या नकलला स्टिअरिंगचा हात तसाच असतो. तो टाय रॉडने (स्टिअरिंगच्या आडव्या दांडीने) चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बांधावा लागतो, नाहीतर मागची चाकं आपापल्या मर्जीने वळतील. बहुतेक लोक जिथे पट्टी मारायला सोपं जातं तिथे टाय रॉडचं आतलं टोक बांधतात. ते मूळ जागेपासून १५ मिमी जरी वर-खाली झालं, तरी चाक उचललं की टाय रॉड आणि आर्म वेगवेगळ्या वर्तुळांत फिरतात आणि प्रत्येक खड्ड्याला मागचं चाक थोडं वळतं. वळणात गाडी अचानक शेपूट टाकते आणि दोष टायरवर जातो. तपासायची पद्धत अशी: स्प्रिंग काढ, चाक मधल्या जागेपासून ५० मिमी वर आणि ५० मिमी खाली ने आणि रिमला लावलेल्या सरळ पट्टीने टो, म्हणजे चाक किती आत-बाहेर वळलंय ते, मोज. फरक एक-दीड मिमीच्या आत आला पाहिजे. येत नसेल तर आतलं टोक वॉशर घालून वर-खाली करत जा.

पुढच्या चाकांनाही दुसऱ्या ८०० चे पुढचेच नकल आणि रॅक वापर, म्हणजे डिस्क ब्रेक चारही चाकांना मिळतील. पण तिथे शाफ्ट नाही म्हणून हब रिकामा सोडू नकोस. हबचं बेअरिंग दाबून धरण्याचं काम बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्याचा) दांडा आणि त्याचं नट करतं. जुन्या जॉइंटचा शाफ्ट काप, वाटी साफ कर, दांडा हबमध्ये घाल आणि नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळ. हे न केल्यास बेअरिंग उघडतं आणि चाक डुगडुगायला लागतं.

चासीसाठी २५ बाय २५ ची, १.६ मिमी जाडीची चौकोनी ट्यूब. सहा मीटरच्या नऊ लांब्या, म्हणजे ५४ मीटर, वजन सुमारे ६४ किलो. पण त्याआधी एक संध्याकाळ उदबत्तीच्या जळून उरलेल्या काड्या आणि फेविकॉल घेऊन बस. दहास एक मापाची चासी चिकटव, वाळू दे, मग एक टोक टेबलावर दाबून धर आणि दुसरं टोक पिळ. जो चौकोन समांतरभुज होताना दिसेल तिथे तिरपी काडी हवी. सीटच्या जागी तिरपी काडी घालता येत नाही, सगळा पीळ तिथेच येतो. म्हणून बाजूच्या कठड्यांची उंची वाढव आणि त्यांत तिरप्या घाल. सस्पेन्शनचा प्रत्येक बोल्ट सांध्यापाशीच आला पाहिजे. ट्यूबच्या मध्यावर पट्टी मारलीस तर ट्यूब वाकेल.

वेल्डिंग मिगनेच (वायर आपोआप पुढे येणाऱ्या मशीनने) कर, ०.८ मिमीची वायर. रॉडचं वेल्डिंग या जाडीला भोकं पाडतं. अख्खी चासी सपाट टेबलावर आधी फक्त टॅक (वेल्डचे ठिपके) मार, दोन्ही कर्ण मोज, आणि फरक दोन मिमीपेक्षा जास्त निघाला तर टॅक तोडून परत लाव. नंतर पूर्ण वेल्ड करताना एका कोपऱ्याला बसू नकोस. इथे दोन इंच, मग समोरच्या कोपऱ्यात दोन इंच. एका बाजूने वेल्ड मारत गेलं की चासी त्या बाजूला खेचली जाते आणि ग्राइंडरने घासून ती सरळ होत नाही.

गाडी उलटली तर डोकं वाचवणारी डोक्यामागची कमान या चौकोनी ट्यूबची करायची नाही. एफआयए या मोटारशर्यतींच्या जागतिक संस्थेच्या नियमात मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाची २.५ मिमी जाडीची किंवा ५० मिमीची २ मिमी जाडीची कोल्ड ड्रॉन सीमलेस ट्यूब लागते, आणि ट्यूब वाकवली तिथली त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. पाण्याचा जीआय पाइप कुणी सुचवला तर ऐकून सोडून दे. ट्यूब घ्यायच्या आधी ज्या स्पर्धेत उतरायचंय तिचं नियमपुस्तक मागव. घरी बनवलेली गाडी कोणत्या गटात घेतात आणि स्क्रूटिनीला (स्पर्धेआधीच्या तपासणीला) काय बघतात ते आधी कळलं तर कमान दोनदा करावी लागणार नाही.

रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, त्यामुळे पाण्याचे पाइप लांब होतात आणि त्यांत हवा अडकते. पाण्याचं झाकण सगळ्यात उंच जागी ठेव आणि रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात हवा काढायचा स्क्रू बसव.

शेवटी वजन. चाकागणिक वजन घ्यायला घरातला वजनकाटा चालतो. फळीचं एक टोक काट्यावर, दुसरं पाइपवर, चाक बरोबर मधोमध. फळी ठेवून काटा शून्यावर आण आणि आलेला आकडा दुप्पट कर. बाकीची तीन चाकं तेवढ्याच उंचीवर हवीत, गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपास. सीटवर तू बसलेली हवीस. समजा पुढे डावं ९८, उजवं १०४, मागे डावं १५२, उजवं १४६ आलं. एकूण ५००, पण पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून २४४ आणि दुसरा कर्ण २५६. अशी गाडी एका बाजूला छान वळते आणि दुसऱ्या बाजूला अडते. पुढच्या डाव्या स्प्रिंगची बैठक थोडी वर घे, त्या कर्णावर वजन वाढेल. स्ट्रटला आटे असलेली बैठक लेथवर करून घे, नाहीतर हे जमणार नाही.

मोठा गुण्या आणि ओळंबा काढून ठेवलाय. पुढच्या वेळी कोल्हापूरला येशील तेव्हा घेऊन जा. काड्यांची गाडी पण आण. आई उदबत्तीच्या काड्या आतापासून साठवते आहे, आणि कशाला ते तिला अजून सांगितलेलं नाही.

तुझे बाबा