तुझी टाकी आणि हत्तीला फुटलेली पिसं

डोंबिवली, १७ ऑगस्ट

प्रिय मन्या,

तीन महिने पत्र नाही. फोनवर तुझ्या खाऱ्या पाण्यातल्या मासे-प्रवाळांच्या टाकीचा विषय निघाला की मी "ठीक आहे" म्हणून पुढे जायचो. ठीक नव्हतं. आज सकाळी टाकीतल्या हत्तीच्या, म्हणजे तुझ्या त्या हत्तीसारख्या खडकाच्या, सोंडेवर शेवाळाची पिसं फुटलेली दिसली आणि ठरवलं, तुला सगळं लिहायचंच. घरात हे कुणाला सांगू? आईला टाकी हिरवी झाली की "किती छान, झाडं आली" असं वाटतं. तिचा गुडघा बरा आहे, मीही बरा आहे.

सुरुवात एप्रिलमधली. सोसायटीत टँकर सुरू झाले आणि टॉप-ऑफला (उडालेल्या पाण्याची भर घालायला) आपण घरच्या आरओचं पाणी वापरत होतो, आठवतं ना? पद्या म्हणाला होता, माणसाला चालतं ते माशाला का नाही चालणार. तिथेच चुकलं. पिण्याच्या आरओला टीडीएस कंट्रोलर असतो; चव यावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून गाळलेल्या पाण्यात सोडतो. टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार मोजायचा मीटर लावला तर ७०. तुझ्या टाकीतून उन्हाळ्यात रोज साडेतीन लिटर पाणी उडतं. उडतं ते निव्वळ पाणी. त्यातलं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट सगळं मागे राहतं. या हिशोबाने सहा महिन्यांत ६०० लिटरच्या वर होतं. टाकीतलं खरं पाणी, खडक-वाळू वजा जाता, २०० लिटर. म्हणजे तीन टाक्यांची घाण एकाच टाकीत. आता कंट्रोलर पूर्ण बंद केलाय आणि पुढे रंग बदलणाऱ्या रेझिनचं डीआय काडतूस (उरलेले क्षार ओढून घेणारं) जोडलंय. मीटर शून्य दाखवतो. १ दाखवायला लागला की रेझिन बदलायचं, ५ होईपर्यंत थांबायचं नाही. संपत आलेलं रेझिन सिलिकेट सगळ्यात आधी सोडून देतं.

मे महिन्यात खडकांवर केसांसारखं हिरवं शेवाळ. फॉस्फेट ०.२, नायट्रेट १० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). आकडे फार वाईट नव्हते, पण शेवाळ स्वतः ओढून घेतं त्यानंतर उरलेलं तेवढंच टेस्ट किटला दिसतं, हे विसरू नको. टाकी हिरवी आणि फॉस्फेट शून्य, असंही होतं.

आता माझी चूक सांगतो, कारण तिथे सगळं बिघडलं. रिॲक्टरमध्ये (ज्यातून पाणी फिरतं त्या नळकांड्यात) २०० ग्रॅम जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे, एकदम भरला. दहा दिवसांत फॉस्फेट ०.००, पाठोपाठ नायट्रेटही शून्य. हिरवं विरळ झालं, मला आनंद झाला, आणि आठवड्याभरात वाळूवर तपकिरी शेंबूड. लांब तारा, टोकाला हवेचे बुडबुडे, रात्री गायब, दुपारपर्यंत परत हजर. गोगलगायी उलट्या पडायला लागल्या. डायनो. म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, सूक्ष्म एकपेशी जीव; पाण्यात खायला काहीच उरलं नाही की बाकीचे जीव मागे पडतात आणि यांना मैदान मोकळं मिळतं.

सायनो (तसाच थर धरणारे जिवाणू) की डायनो, हे ठरवायला सोपी युक्ती आहे, तिकडे मस्कतला कुणाला लागली तर सांग. थोडा शेंबूड टाकीच्या पाण्यासह बाटलीत घे, जोरजोरात हलव, कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळ आणि गाळलेलं पाणी उजेडात तासभर ठेव. पाण्यात पुन्हा गुठळ्या-तारा जमल्या तर डायनो. मग सूक्ष्मदर्शक. थेंबाच्या आकाराचे, एका टोकाला बांधल्यासारखे गोल फिरणारे ते ऑस्ट्रिओप्सिस. ते रात्री पाण्यात तरंगायला येतात, म्हणून यूव्ही (अतिनील) दिवा लागू पडतो. पाणी थेट टाकीतून खेचून थेट टाकीतच सोडायचं, सम्पमधून (फिल्टरच्या वेगळ्या टाकीतून) नाही. वाळूवर सरपटणारे अंडाकृती ते ॲम्फिडिनियम. ते वर येतच नाहीत, तिथे यूव्हीचे पैसे फुकट. आपले नशिबाने पहिले निघाले.

जीएफओ काढला. पाणी बदलणं थांबवलं. नायट्रेट वाढवायला पोटॅशियम नायट्रेट: तुझ्या टाकीत १ ग्रॅमने साधारण ३ पीपीएम चढतं. फॉस्फेटसाठी मोनोपोटॅशियम फॉस्फेट, १ ग्रॅम १ लिटर आरओ पाण्यात विरघळवून त्यातले १० मिली घातले की जवळपास ०.०३५. पहिले काही दिवस संध्याकाळपर्यंत सगळं गट्टम, आकडा हलेचना, कारण कोरडा खडक आधी स्वतः पितो. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ टिकायला लागल्यावर तारा तुटल्या. आता वाळू पांढरी आहे. जीएफओ पुन्हा लागलाच तर ५० ग्रॅमपासून, दर तीन दिवसांनी टेस्ट.

आणि हो, माशांचं खाणं, फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव). तू अख्खा तुकडा रसासकट टाकायचास आणि मी चहाच्या गाळणीत धुवायचो, त्यावरून किती भांडलो! मी अजून धुतोच. शेवाळ खायला ठेवलेला ब्लेनी मासा मात्र त्या मायसिसला इतका चटावलाय की शेवाळाकडे ढुंकून बघत नाही. तुझ्या पुतण्याला पिझ्झा दिसल्यावर भाकरीचं जे होतं तेच.

साध्या केसाळ शेवाळाचं मी असं करतो: एका वेळी दोनच खडक बाहेर, टाकीच्याच पाण्याच्या बादलीत. हाताने उपटायचं, मग टूथब्रश. केमिस्टकडे हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं. तेवढंच आरओ पाणी घालून ३ टक्के करायचं, खडक बाहेर असतानाच ब्रशने लावायचं, दोन-तीन मिनिटं फसफसू द्यायचं, धुऊन परत. सगळे खडक एकदम केले तर मेलेलं शेवाळ कुजून नवं खत होतं आणि बॅक्टेरियाही जातात. पेरॉक्साइड थेट टाकीत ओतायचं नाही, क्लीनर कोळंबी ते सोसत नाही. हिरवे फुगे (बुडबुड्यांसारखं वाढणारं शेवाळ) मात्र टाकीत फोडायचे नाहीत. खडक बाहेर काढून चिमट्याने मुळापासून.

झोअँथिड (बटणांसारखे मऊ प्रवाळ) असलेल्या खडकाला हातमोजे आणि चष्म्याशिवाय हात लावत नाही, आणि तिथे ब्रश तर नाहीच. त्यांचं विष, पॅलिटॉक्सिन, डोळ्यात उडालं तर थेट हॉस्पिटल. तो खडक कधी उकळायचाही नाही, त्याची वाफसुद्धा विषारी.

म्हणूनच हत्तीची काळजी. त्याच्यावरचं साधं केसाळ नाही. भिंगातून पाहिलं: मधे देठ, दोन्ही बाजूंना पिसासारख्या फांद्या. ब्रायोप्सिस. उपटला तर तुकड्या-तुकड्यातून परत येतो, गोगलगायी तोंड लावत नाहीत, आकडे सुधारले तरी जात नाही. त्याच्याच शेजारी तुझ्या झोअँथिडची ती नारिंगी वसाहत. ती गेली तर नवी आणताना दहा वेळा विचार करावा लागेल. पाषाणप्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत म्हणून आपण फक्त मऊच ठेवायचे ठरवले, आणि त्यातली जुनी हीच.

मागे तू फ्लुकोनॅझोल म्हणालास तेव्हा मी "टाकीत बुरशीचं औषध?" म्हणून फोन आपटला होता. तुझं बरोबर होतं. दर लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे १५० मिलिग्रॅमच्या सात गोळ्या, कुटून टाकीच्या पाण्यात कालवून. पाणी गाळणारा कार्बन (कोळसा) आणि यूव्ही काढायचा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) कप काढून नुसता हवेसाठी. दुसऱ्या आठवड्यात पिसं फिकी पडतात, तीन आठवडे थांबायचं, रोज सैल झालेलं ओढून काढायचं, मग पाणी बदलून नवा कार्बन. मला भीती एवढीच की पिसं कुजून फॉस्फेट उसळेल, आणि ते दाबायला गेलो तर डायनो परत. आत्ता कुठे वाळू पांढरी झाली आहे. दुसरा रस्ता: हत्तीच बाहेर काढायचा, झोअँथिडखालचा खडकाचा तुकडा छिन्नीने सोडवायचा आणि बाकीचा उन्हात वाळवायचा. ब्रायोप्सिस फक्त सोंडेवर आहे तोवर हे जमेल.

तुझं घर लागलं का? चिनूला शाळा आवडली का? वहिनींना मस्कतचं ऊन मानवलं असेल अशी आशा. मोठं पत्र पुढच्या वेळी तुमच्याबद्दल.

हत्ती तू रत्नागिरीहून मांडीवर ठेवून आणलास, त्यामुळे छिन्नी मी एकट्याच्या मनाने लावणार नाही. गोळ्या की छिन्नी, रविवारपर्यंत कळव. दरम्यान सोंडेला हातही लावत नाही आणि रोज फोटो पाठवतो.

तुझा,
शऱ्या