नुसतं 'संकलित' म्हणजे कोणाचं?

संपादक साहेब, नमस्कार.

26 जुलै 2005 ला मी कुर्ल्याहून घाटकोपरपर्यंत कमरेभर पाण्यातून चालत आलेलो, त्यावर फेसबुकवर थोडं लिहिलेलं, ते यंदा आमच्याच सोसायटीच्या स्मरणिकेत छापून आलं आणि खाली काय तर 'संकलित'! सेक्रेटरीला विचारलं तर म्हणे काका, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं, छान वाटलं म्हणून टाकलं. नावाचं सोडा हो, पण मी स्पष्ट लिहिलेलं की 944 मिमी हा हवामान खात्याच्या सांताक्रूझ वेधशाळेचा आकडा आहे, कुलाब्याला त्याच दिवशी जेमतेम 73 मिमी पडला होता, यांनी वेधशाळाच उडवली आणि छापलं 'मुंबईत 944', आता कुलाब्याची माणसं म्हणणार हा थापा मारतोय.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 57 आहे, हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव सांगायचा अधिकार राहतो, पण एवढ्याशा लिखाणासाठी कोर्टात कोण जाणार! 'अमुक यांच्या पोस्टवरून' लिहायला अर्धी ओळ लागते, केटररच्या जाहिरातीला मात्र अख्खं पान दिलंय.

आणि हो, परवा तुमच्याही पेपरात पावसाच्या फोटोखाली 'सौजन्य : सोशल मीडिया' होतं, ते जरा बघा.

- एक वाचक, घाटकोपर